दोन धारांच्या मधले नाटक

तीर्थरूप आत्याच्या चरणी, वाकता येईल तितके वाकून नमस्कार. (अंगात दोन स्वेटर, त्यांवर आईची शाल आणि शालीवर बाबांचा कोट असल्यामुळे साष्टांग घातला, तर मला पुन्हा उभे करायला माणसे बोलवावी लागतील, सबब उरलेला नमस्कार मनातल्या मनात पूर्ण केला आहे, तो पोचला असे समजावे.) पत्राची सुरुवात मी आधी ‘आपण’ अशी केली होती. आईने खांद्यावरून डोकावून पाहिले आणि म्हणाली, “हे आत्याला लिहितेयस की बँकेला?” म्हणून नवा कागद घेतला. तुझ्या गुडघ्याचे या थंडीत काय म्हणणे आहे? आतोबा अजूनही बातम्या ऐकता ऐकता बातम्या देणाऱ्यालाच उलट उत्तरे देतात का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. हा शब्द मी मागच्या पत्रातही लिहिला होता, पण तेव्हा तो केवळ रीत म्हणून. आज तो अक्षरशः खरा आहे. कारण आमचे नाटक होऊन गेले, मी जिवंत आहे, आणि गायही सुखरूप आहे. गाईचा माझ्या जिवाशी काय संबंध, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच.

तुला ठाऊकच आहे की आमच्याकडे थंडी जाते तीसुद्धा दारापर्यंत जाऊन पुन्हा परत येणाऱ्या पाहुण्यासारखी. दुपारी पत्र्यावरून पाणी टपकू लागते, आणि संध्याकाळी तेच पाणी सुळे काढून पुन्हा वळचणीला लटकते. खिंड गाड्यांना बंद (टपाल तेवढे पायी जाते), शेते बर्फाखाली, आणि घरातली माणसे एकमेकांना पाहून पाहून इतकी कंटाळलेली, की नाटक केले नाही तर भांडणेच करतील. रस्ता मोकळा झाला की जो तो आपल्या कामाला पांगतो, म्हणून नाटक याच दिवसांत बसवायचे. माझी दूध संस्थेतली नोकरी चालू आहे. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचे, फॅट काढायची, आणि दूध घ्यायची वेळ झाली की दारातली घंटा वाजवायची. मधल्या वेळेत मी नाटके वाचते. (खरे सांगायचे तर मधल्या नसलेल्या वेळेतही. किटली घेऊन आत येणाऱ्या प्रत्येकाच्या प्रवेशाला मी मनातल्या मनात गुण देते. दार लाथेने उघडून, चष्म्यावर वाफ धरलेली असताना “आज म्हैस रुसलीय” असे म्हणणाऱ्या पोस्टमनला या हिवाळ्यात कोणी मागे टाकू शकलेले नाही.)

रंगभूमीवर माझे प्रेम आहे, परंतु ते लांबून. चार माणसांपुढे उभे राहिले की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तू माझ्या बक्षीस समारंभात पाहिलेच होतेस. म्हणून मी विंगेत बसून संवाद पुटपुटण्याचे, म्हणजे प्रॉम्प्टरचे काम मागून घेतले. नाटकात असायचे आणि कोणाला दिसायचे नाही, याहून सुखाची जागा मला जगात माहीत नाही. दिग्दर्शक आमचे वायरमनकाका. कारण दिवे त्यांच्या हातात आहेत, आणि ज्याच्या हातात दिवे, त्याच्याशी हुज्जत घालून चालत नाही. नाटक समुद्रकाठचे निवडले. (गावात समुद्र पाहिलेला कोणी नाही, त्यामुळे चूक काढणाराही कोणी नाही, असा काकांचा हिशेब. गवताच्या गंजीवर घालायची निळी ताडपत्री हलवली की समुद्र होतो.) एका नावाड्याची विधवा आपली नाव विकायला नकार देते, आणि गावचा सावकार ती मागत राहतो, एवढीच गोष्ट, पण ती तीन अंक पुरते. सावकार झाले होते गिरणीवाले. जन्मभर पट्ट्याच्या घरघरीत काढल्यामुळे त्यांचा आवाज डोंगरापलीकडे जातो आणि दुसऱ्याचा त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. विधवा झाल्या होत्या आमच्या गुरांच्या डॉक्टर, डॉक्टरताई. उंच, ठसठशीत, आणि बैलाला हटकावे तशा आवाजात संवाद म्हणणाऱ्या. सगळे कसे जुळून आले होते. आणि पहिल्याच तालमीत वायरमनकाका बल्ब पुसता पुसता सहज म्हणाले, “डॉक्टरताईंना मधेच कुठे जावं लागलं तरी काळजी नाही. हिला सगळं पाठ आहे.”

आत्या, त्या एका वाक्याने माझे धाबे दणाणले. थंडीचा शेवट म्हणजे गाई विण्याचे दिवस. वाड्यावस्त्यांवरच्या प्रत्येक गोठ्यात एक तरी गाय पोट घेऊन उभी, आणि त्यांतली कोणतीही ऐन नाटकाच्या दिवशी अडून मला रंगमंचावर ढकलू शकत होती! तेव्हापासून माझा दिनक्रमच बदलला. सकाळी डॉक्टरताईंच्या पायऱ्यांवर मी राख टाकून यायची, म्हणजे बर्फावरून त्यांचा पाय घसरू नये. त्यांचा घसा बसू नये म्हणून गरम पाण्याचा थर्मास पोचवायची. (“हिला माझ्याकडून काही हवंय का?” असे त्यांनी आईला विचारले. आई म्हणाली, “घ्या तुम्ही पाणी. मला घरात एक पेला भरून देत नाही.”) दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाजवळ मी गाईची चौकशी करू लागले. कधी विणार, मागच्या वेळी त्रास झाला होता का, खाते-पिते ना नीट. मी एरवी मान वर करून बोलत नाही, त्यामुळे या चौकशीचा बोलबाला झाला. वरच्या वस्तीवरच्या एका काकूंनी तर, मी त्यांच्या गाईची विचारपूस करते ती वास्तविक त्यांच्या अविवाहित मुलासाठीच, असा अर्थ काढून मला लोकरीची टोपी विणून धाडली. ती परत करण्यात एक आठवडा, आणि परत का केली हे आईला समजावण्यात दुसरा आठवडा गेला. (टोपी उबदार होती, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे.)

आता तालमींविषयी, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच अवलंबून आहे. गावात शेगडीची ऊब असलेली मोठी खोली एकच, दूध संस्थेचा हॉल. तिथे तालीम लागली की बायका विणकाम घेऊन येणार, पुरुष मोडकी अवजारे घेऊन येणार, म्हातारेकोतारे काहीच न घेता येणार, आणि सगळे शेगडीभोवती बसून आमचे नाटक ऐकणार. गिरणीवाल्यांना माझे पुटपुटणे ऐकू जाईना, तेव्हा पुढे बसलेल्या बायका सुईवरची नजर न काढता ते मोठ्याने सांगू लागल्या. “अहो सावकार, ‘कर्ज कोण फेडणार’ म्हणा!” हळूहळू माझ्याआधीच त्या सांगू लागल्या. मात्र आमच्या गावात कोणताही कार्यक्रम सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारांच्या मधल्या वेळेत उरकावा लागतो. गाय काही तिसऱ्या अंकासाठी थांबत नाही. त्यामुळे रोज तिसरा अंक रंगात आला की घंटेची वेळ व्हायची. ती मलाच वाजवावी लागायची, आणि सगळे जण वाक्य अर्धे टाकून किटल्या घेऊन उठायचे. नाटकाचे शेवटचे पान हॉलमध्ये एकदाही झाले नाही. ते डॉक्टरताईंकडून मी त्यांच्या ओट्यावर म्हणवून घेतले, आणि गिरणीवाल्यांनी ते गिरणी चालू असताना एकट्याने पाठ केले, म्हणजे जगात कोणीच ऐकले नाही.

नाटकाच्या दिवशी सकाळी मी दूध घेत होते. वरच्या वस्तीवरचा तोच टोपीवाल्या काकूंचा मुलगा धापा टाकत आला आणि म्हणाला, “डॉक्टरताई कुठायत? आमची गाय अडलीय.” ज्या एका गाईची चौकशी मी टोपीच्या धास्तीने बंद केली होती, नेमकी तीच! डॉक्टरताई पाठीवर पेटी बांधून निघाल्यासुद्धा. जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, “घाबरू नकोस गं. वासरू उलटं असतं तेव्हा घाबरायचं.” मी वायरमनकाकांना सांगितले की नाटक पुढे ढकलावे. काका म्हणाले, “लोकांनी दुपारचं जेवण लवकर रांधायला घेतलंय. आता कसं ढकलणार?”

तर आत्या, मी त्या उंच बाईंच्या मापाचे नऊवारी लुगडे टाचण्या लावून नेसले आणि रंगमंचावर गेले. कशी गेले ते आठवत नाही. बहुधा कोणी तरी ढकलले. समोर सारा गाव. माझे पहिले वाक्य होते, “वारा फिरला, आज नाव काढू नका.” मी तोंड उघडले, आणि आवाज आला तो विंगेतला. एवढे महिने पुटपुटून पुटपुटून माझ्या गळ्याने तोच एक आवाज खरा मानला होता. मला वाटले, धरणी दुभंगावी. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून, सुईवरची नजर न काढता, एक बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, “वारा फिरला, आज नाव काढू नका!” पुढचे वाक्य दोघींनी म्हटले. त्यापुढचे अर्ध्या हॉलने. मी ओठ हलवायचे, हात हलवायचे, आणि शब्द हॉलमधून यायचे. पुरुषही मिसळले. दुसऱ्या अंकात तर पोस्टमनने एक वाक्य चुकीच्या जागी म्हटले, तेव्हा लोकांनीच त्याला दटावून मागे घ्यायला लावले. मला इतके हलके वाटू लागले की मी चक्क कमरेवर हात ठेवून सावकाराकडे पाहिले. आई नंतर म्हणाली, “घरी माझ्याकडे बघतेस तसंच बघत होतीस.” एकही शब्द न बोलता तिसरा अंक पार पडणार, असे मला वाटू लागले होते.

आणि शेवटचे पान आले. सावकार गरजला, “शेवटचं विचारतो, नाव देतेस की नाही?” मी ओठ हलवले. हॉल गप्प. मी पुन्हा हलवले. पहिल्या रांगेतल्या सुया थांबल्या. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या ध्यानात आले की हे पान कोणालाच येत नाही. त्यांनी रोज ज्या ठिकाणी किटल्या उचलल्या, त्याच्या पलीकडे ते पहिल्यांदाच आले होते. घंटाही वाजली नव्हती, कारण ती वाजवणारी रंगमंचावर उभी होती. विधवेने नाव दिली की नाही, हे गावाला खरोखर ठाऊक नव्हते, आणि जाणून घ्यायचे होते. मी पुटपुटले, “ही नाव विकायची नाही.” गिरणीवाल्यांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, “काय?” (हे नाटकात नाही.) मी जरा वर म्हटले. ते पुढे वाकून म्हणाले, “काय?” मागून कोणीतरी ओरडले, “काय म्हणाली ती? देते का?” आत्या, मला कधी नव्हे तो राग आला. त्या नावेचा, त्या सावकाराचा, आणि मी इतके स्पष्ट सांगूनही कोणाला ऐकू जात नाही याचा. मी ओरडले, “ही नाव विकायची नाही!”

त्याच क्षणी छतावरचे उन्हाने सैल झालेले सारे बर्फ पत्र्यावरून गडगडत खाली आले. वायरमनकाका दचकले, त्यांचा हात बटणावर पडला, दिवे गेले, आणि पुन्हा आले तेव्हा गिरणीवाले खरेच मागे सरकून ताडपत्रीच्या समुद्रात बसलेले होते. टाळ्यांचा आवाज किती तरी वेळ थांबेना. (“लाट कधी फुटली पाहिजे हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं,” असे काका आता सर्वांना सांगतात.) बाहेर गाई हंबरत होत्या, तरी कोणी उठेना, शेवटी मीच त्या कपड्यांत जाऊन घंटा वाजवली आणि तशीच दूध घ्यायला बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरताई परतल्या. गाय आणि वासरू दोन्ही ठीक. माझा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे ते भांडे म्हणजे अर्थात दुधाची किटली. आता मी पुन्हा विंगेत जाणार, राख टाकायची नाही, थर्मास न्यायचा नाही, कोणाच्या गाईशी माझे काही देणेघेणे नाही. इतके निवांत मला परीक्षेचे शेवटचे पेपर झाल्यावरही वाटले नव्हते.

गुडघ्याला जप. आतोबांना नमस्कार, आणि बातम्या देणाऱ्यालाही. थोरांच्या आशीर्वादाची आणि धाकट्यांच्या पापीची योग्य ती वाटणी तूच कर.

तुझी लाडकी (इतर भाच्यांना हे दाखवू नये),
भाची

ता. क. सांगायचे राहिलेच. खिंड उघडली की आमचे नाटक तुमच्या गावच्या नाट्यगृहात करायचे ठरले आहे. तोपर्यंत गाई विऊन झालेल्या असतील, त्यामुळे डॉक्टरताई मोकळ्या आहेत आणि त्यांची भूमिका करायला आनंदाने तयारही आहेत. वायरमनकाकांनी तसे मला कळवले. मी म्हटले, “नको, मीच करते.” ते म्हणाले, “ओरडू नकोस, ऐकलं मी.”

ता. क. दुसरा. तुमच्या गावात कोणी आमच्या तालमी ऐकलेल्या नाहीत, ही मोठीच पंचाईत आहे. सोबत नाटकाची नक्कल पाठवत आहे. तुझ्या शेजारच्या बायकांना जमवून रोज दुपारी थोडे थोडे मोठ्याने वाचत जा, आणि प्रयोगाला सगळ्या जणी पुढच्या रांगेत बसा. शेवटचे पान पाकिटात सापडणार नाही, शोधू नकोस. ते मी मुद्दाम काढून ठेवले आहे. तेवढे मी म्हणेन.