संपत अजून आत आहे

परतूर,
दि. ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय संपत यास,

कल्याणचा सप्रेम नमस्कार. मी ठीक आहे, तूही तिकडे जालन्यात बरा असशील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या गिरिजाकाकूंकडून पत्ता घेतला. काकूंचा गुडघा आता कमी दुखतो. आपल्या खोलीत तुझ्या खाटेवर मी कपड्यांच्या घड्या ठेवतो. घरमालकीण दुसरा पोरगा आणते म्हणत होती, मी सध्या नको म्हणालो.

हे पत्र हाताने लिहितो आहे. केंद्रातल्या मशीनवर टाइप केलं असतं तर लवकर झालं असतं. पण तिथे टाइप केलेलं कोण वाचतं, याची मला आता खात्री वाटत नाही.

टायपिंगचं काम जोरात आहे. पुण्याहून जुन्या पुस्तकांची पानं येतात, बाया टाइप करतात, मी ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. मोनिका मला अजून गुरुजीच म्हणते. दहावीनंतर शाळा सोडलेल्याला हे नाव तूच ठेवलंस, आता ते काही जात नाही.

एक अडचण आहे. तू गेल्यापासून डबे पूर्ण बंद होत नाहीत. तूच शिकवलं होतंस की स्क्रीनमागचा डबा म्हणजे नुसते हात आणि तोंड, डोकं आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनमध्ये. संध्याकाळी बाया उठतात, स्क्रीन काळे होतात, मी कुलूप लावतो. सकाळी उघडतो तर डबे कोमट आणि दिवे नारिंगी. फक्त माझा डबा गार असतो. मी वायरी बदलून पाहिल्या. माझा डबा केशरमावशींच्या जागी लावला, त्यांचा माझ्या जागी आणला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवरचा कोमट, माझ्या जागेवरचा गार. म्हणजे डब्यात दोष नाही. मग कशात आहे?

तू असताना हे एकदाही झालं नव्हतं.

तुझ्या नव्या हापिसात रात्रपाळी असते का? तिथून बाहेरची मशीनं चालवता येतात का? सहज विचारलं. सवडीने कळव.

तुझा मित्र,
कल्याण


परतूर,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

संपतराव,

नमस्कार. पत्र मिळालं असेल. उत्तर नाही, यावरून काय समजायचं ते मी समजतो आहे.

आतल्या खोलीतल्या मशीनवर कोण आत आहे, कोण बाहेर आहे, त्याची यादी दिसते. ती मी कधी उघडत नव्हतो, ते तुझं काम होतं. आता सकाळी उघडली. केंद्रात मी एकटा, झाडूसुद्धा मारलेला नव्हता. यादीत केशर : आत. मोनिका : आत. सगळ्या बाया आत. आणि सगळ्यात खाली, संपत : आत.

मी खुर्ची सरकवून उठलो आणि बाहेरच्या खोलीत पाहून आलो. हसू नकोस. खरोखर पाहून आलो.

केशरमावशी तेव्हा घरी भाकरी थापत असतील. मोनिका रिक्षात असेल. मग त्यांच्या नावाने आत कोण बसलं होतं? मला मशीनचं जास्त कळत नाही, पण सगळ्यांचे पासवर्ड कुणी बनवले ते मला माहीत आहे.

रामप्रसाद सरांनी विचारलं, तेव्हा मी जे दिसलं ते सांगितलं. पुण्याची पानं बाहेर गेली तर हे काम सरांच्या केंद्रातून जाईल आणि बाया घरी बसतील. मला सांगणं भाग होतं.

दुसरंही लिहून टाकतो. तुझ्या नव्या नोकरीची बातमी मला चहाच्या टपरीवर कळली. टपरीवाला म्हणाला, "तुझा जोडीदार जालन्याला चाल्लाय म्हणं, तुला ठावं असंल." मला ठावं नव्हतं. एका खोलीत राहून, एका डब्यातलं खाऊन ठावं नव्हतं. म्हणून मी तुला सगळ्यांसमोर, जायचं तर जा, असं म्हणालो. तू दुपारीच उठलास, मशीनवर काहीतरी दाबलंस, बॅग घेतलीस आणि दारात म्हणालास, "जातो."

केशरमावशी मागून ओरडल्या, "जातो न्हाई रे बाबा, येतो म्हणावं."

तू मागे वळून पाहिलं नाहीस. आता मला सांग, ज्याला यायचंच नव्हतं, तो रोज सकाळी यादीत आत कसा?

खुलासा करावा, ही विनंती.

कल्याण


परतूर,
दि. २८ नोव्हेंबर २०२५

संप्या,

हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच.

काल काकू बाजारात भेटल्या. माझ्याकडे न बघता मेथी निवडत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरी बसवलंय त्याला. इकडून कुणाचा तरी फोन गेल्ता. चौकशी होईस्तोवर येऊ नको म्हणले." मग पिशवी उचलताना, "तू त्याचा मित्र हाईस ना, तुला काही म्हाईत असंल."

मी मान हलवली. कोणत्या अर्थाने हलवली, मलाच कळलं नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की जे दिसलं तेवढंच सरांना सांगितलं. ते बरोबर नाही. मी "संपतच असणार" असंही म्हणालो. सरांनी माझ्यासमोर तुझ्या हापिसात फोन लावला आणि मी उभा राहून ऐकत होतो.

काकूंना भेटून मी तसाच केंद्रात गेलो. संध्याकाळी बाया उठायच्या वेळेला केशरमावशींच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, तेव्हा माझा त्यांच्यावरही संशय होता. त्यांनी काम आवरलं, चष्मा काढला आणि बटण दाबलं.

तुझं मराठी बटण. बायांना इंग्रजीची भीती वाटते म्हणून तू केलेली दोन बटणं. थोडा वेळ उठायचं असेल, परत येऊन तेच काम पुढे करायचं असेल, तर "येतो". काम संपवून डबा पूर्ण बंद करायचा असेल, तर "जातो".

मावशींनी "येतो" दाबलं. स्क्रीन काळा झाला, दिवा नारिंगी झाला.

मी म्हणालो, "मावशी, घरी जाताना ते दुसरं दाबायचं असतं. जातो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वंगाळ बोललो. "येडा झालास का रे कल्याण? दिवेलागणीला भरल्या जाग्यातून जातो म्हणून कुणी उठतं का? माझं पोट हाय ह्या जाग्यावर. सकाळी परत यायचं न्हाई का मला?"

मोनिका म्हणाली, "मी एकदा चुकून दाबल्तं. सगळं काळं झालं, दिवाबी गेला. मंग बिलकुल हात लावला न्हाई."

सगळ्या बाया रोज "येतो" म्हणून घरी जात होत्या. मशीन बिचारं यादीत त्यांना आतच धरून त्यांची वाट बघत रात्रभर जागं राहत होतं. मला तू पहिल्याच दिवशी फरक समजावला होतास, म्हणून माझा एकट्याचा डबा गार. आणि तू रोज सगळे गेल्यावर आतल्या खोलीत थोडा वेळ थांबायचास, ते एकेकाला बाहेर काढायला. मला वाटायचं, कुणाशी तरी चोरून फोनवर बोलतोस. संशय घ्यायची माझी सवय तेव्हापासूनचीच म्हणायची.

ती दोन नावं तू मला आधी तपासायला दिली होतीस. येतो, जातो. मी दोन्ही शब्दांचं शुद्धलेखन पाहिलं आणि बरोबर आहे म्हणालो.

बायांना थांबवून मी तेव्हाच बटणांवरचे शब्द बदलले. थोडा वेळ उठायचं असेल तर "आलोच". घरी जायचं, डबा पूर्ण बंद करायचा, तर "येतो". "जातो" काढूनच टाकलं. आज सकाळी सगळे डबे गार होते. केशरमावशींनी डब्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "बराबर झोपला गडी."

सरांना सगळं दाखवलं. तुझ्या हापिसात पुन्हा फोन करा म्हणालो. सर म्हणाले, "आता कोणत्या तोंडानं करू? राहू दे, मिटंल आपोआप." आपोआप काही मिटत नाही, हे मी ह्या डब्यांपायी शिकलो आहे. म्हणून सोमवारी पहिल्या गाडीने जालन्याला निघतो. तुझ्या हापिसच्या गेटवर उभा राहणार. वॉचमन असला की माझी बोबडी वळते, तुला माहीत आहे. म्हणून साहेबांना सांगायचं वाक्य पाठ केलं आहे : "साहेब, संपत आत नव्हता. त्याचं फक्त नाव आत राहिलं होतं. खोटं मी बोललो, माझं नाव कल्याण." तू मला भेटायला हवंस असं नाही. मी तेवढं बोलून स्टेशनवर परत येईन.

एकच गोष्ट राहिली. यादीतली बाकी नावं साफ केली. तुझं अजून तिथेच आहे. सर म्हणाले, तेवढंही काढ. मी बाण त्या नावावर नेला आणि थांबलो. बायांना फरक माहीत नव्हता. तुला माहीत होता, बटणं तूच केली होतीस. दारात तू मला "जातो" म्हणालास. पण त्याच्या आधी मशीनला काय सांगून उठलास, ते तिथे लिहिलेलं आहे.

मी ते नाव काढलेलं नाही. खाटेवरच्या घड्याही उचलल्या आहेत.

येतो,
कल्याण