बाळाने मान वळवली

निशिगंधा,

सारसोळ्याच्या मासळी बाजारात जाऊन येते. मुडदुशा मिळाल्या तर आणते, बाळंतिणीला चांगल्या. बाळ दूध पिऊन तुझ्या शेजारी झोपलंय. कुकरमध्ये मऊभात आहे, तूप घालून खा.

काल मी अगदी सासूसारखी टाकून बोलले, "दिवसभर स्पीकरवर गाणी लावतेस, स्वतः बाळाशी चकार शब्द बोलत नाहीस." तू रडत म्हणालीस, "आई, काय बोलू? मला काही सुचतच नाही." रात्रभर तेच डोक्यात होतं. तेजस झाला तेव्हा माझंही दोन महिने असंच चाललं होतं. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही.

आज सकाळी तू दारात दूधवाल्याशी बोलत होतीस. बाळ माझ्या मांडीवर होतं, मी अंगाई म्हणत होते. तुझा आवाज आला आणि त्याने मान दाराकडे वळवली. तू आत येईपर्यंत पाय नाचवत होतं. त्याला गाणंच पाहिजे असं नाही गं. भाताला किती शिट्ट्या काढल्या, एवढं सांगितलंस तरी पुरे.

संध्याकाळी साडेपाचला डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे. बाळासाठी नाही, तुझ्यासाठी. मी बरोबर येईन. तेजसला काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

— आई