ताडपत्रीखालचे तेहतीस लाख

४ मार्च

चि. बंड्या,
अ. उ. आ.

हसू नकोस. आधी आकडे बघ, मग दात काढ. ज्याचं खेळतं भांडवल जास्त, घरची मोठी शेड त्याच्या कारखान्याला, असं बाबा तुझ्यासमोरच म्हणाले होते ना? म्हणून काल दोघांचे ताळेबंद शेजारी ठेवून बसले. रोख, येणी, माल, म्हणजे वर्षाच्या आत ज्याचा पैसा होतो ते सगळं. त्यातून वर्षाच्या आत फेडायची देणी वजा. माझे अठ्ठावन्न लाख वजा तीस, अठ्ठावीस. तुझे बेचाळीस वजा पस्तीस, सात. सात, बंड्या!

खोकी मीही बनवते, तूही बनवतोस. तरी घरी येणारा प्रत्येक जण तुझ्याच कारखान्याचं विचारतो. तुझं पहिलं खोकं बाबांच्या कपाटावर अजून आहे. माझ्या पहिल्या खोक्यात त्यांनी जुने बूट भरले. आकड्यांना तरी कुणी लाडकं नसतं.

खोकला कसा आहे? औषध घे. माझ्यावर जळून बरा होणार नाही.

माया आहे तेवढी आहे, जास्त मागू नकोस.
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वजाबाकी बरोबर आहे. शाळेत मला तुझीच वही दाखवायचे, तेव्हापासून जळतोय.

फक्त आत डोकाव. माझ्या पस्तिसातले एकवीस लाख गिऱ्हाइकांनी आगाऊ दिलेत. ते रोखीनं नाही, खोकी देऊन फिटतील. तुझ्या अठ्ठावन्नात तेहतीस लाखांचा तयार माल आहे. त्या बूट कंपनीसाठी छापलेला ना? ताडपत्रीखाली पाहिलाय मी. त्यांनी कंपनीचं नाव बदलून दोन वर्षं झाली, ताई. जुन्या नावाची छापील खोकी कोण घेणार?

बाबांना बोललो नाही, बोलणारही नाही. शेड तूच घे.

रागावलीस तरी जेवायला बोलावत जा.
बंड्या

१३ मार्च

चि. बंड्या,
आशीर्वाद आज जरा कमी.

चूक काढलीस ते चाललं असतं. गप्प बसणार म्हणालास, ते झोंबलं. मोठेपणाही तूच घेऊन जाणार?

ताडपत्री काढली. पंचवीस वजा तीस, उणे पाच. सकाळी तोच आकडा बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि माल कधीपासून झाकून ठेवलायस, एवढंच विचारलं. दोन वर्षं, म्हटलं, आणि दोन्ही वर्षं हिशेबात धरला.

शेड तुझी. पण लोक तुला आधी पैसे देतात आणि मला मागून मागून, हे सलणारच. त्यावर समजूत घालायला येऊ नकोस. खोकी ट्रकात भरून झालीत, रद्दीवाल्याशी भाव मीच करणार. एक मागे ठेवलंय, बाबांच्या कपाटावर, तुझ्या खोक्याला खेटून. राहू दे म्हणाले.

ड्रायव्हर हॉर्न मारतोय. हे जाताना पेटीत टाकते. उत्तर पाठवू नकोस, रद्दीचा सौदा होईपर्यंत माझ्या घराला कुलूप आहे.
ताई