गोलकीपर नुसता उभा असतो

४ मार्च, सोमवार
पेपरात एका फुटबॉल गोलकीपरचा पगार वाचला. चहा गार झाला. करतो काय हा माणूस? दोन खांबांमध्ये उभा राहतो. मीही पार्सल ऑफिसच्या काउंटरवर दिवसभर उभाच असतो. वर लोक ओरडतात. बायको म्हणाली, त्याच्यावर अख्खं स्टेडियम ओरडतं. तिला अर्थकारण कळत नाही.
संकल्प: उद्या मॅनेजरकडे पगारवाढीचा विषय काढायचा. ठणकावून.

५ मार्च
मॅनेजर घाईत होते.

७ मार्च, गुरुवार
काढला! तुलनेसकट. म्हटलं, साहेब, नुसतं उभं राहायचे त्याला एवढे मिळतात, मला थोडे तरी वाढवा. मॅनेजर हसले नाहीत. चांगलं लक्षण. म्हणाले, रविवारी गोदामवाल्यांशी मॅच आहे, आपला गोलकीपर आजारी आहे, तुम्हीच उभे राहा. पगाराचं सोमवारी बघू.
म्हणजे वाढ खिशात. घरी जाहीर केलं. मुलीने सायकल मागितली. तिथल्या तिथे देऊन टाकली. तोंडी.

८ मार्च
पहाटे प्रॅक्टिस ठरली होती. पण गोलकीपरचं खरं काम डोक्याचं. अंथरुणातच केलं.
संध्याकाळी मेहुणा टपकला. म्हणे खेळाडूचं करिअर चार दिवसांचं, गुडघा गेला की खेळ खलास. म्हटलं, आम्हाला काय गुडघे नाहीत?

९ मार्च
ग्लोव्हज आणले. महागातले. वाढीतून निघतील. आरशात भारदस्त दिसतो. मुलीने सोफ्यावरून उशी फेकली, ती अडली नाही. पण उशी नियमात बसत नाही.

१० मार्च, रविवार, दुपार
हरलो. कारणं: ऊन डोळ्यांवर. ग्लोव्हज नवे. गोदामवाले रोज खोकी उचलतात, हा तर उघड अन्याय.
सुरुवातीचे गोल मला दिसलेच नाहीत, त्यामुळे ते माझ्या नावावर धरता येणार नाहीत. मग एक बॉल थेट पोटावर आला आणि मी धरला! ऑफिस बेभान. मुलगी उड्या मारत होती. खरंच भरून आलं. तेवढ्यात समोरून एकजण आला आणि हात पुढे करून म्हणाला, द्या.
इतकी वर्षं काउंटरवर काढली. हात पुढे आला की माझ्याकडून दिलं जातं. दिला. वर सही करा असंही म्हणालो म्हणे. तो गोदामवाला होता. त्याने बॉल खाली ठेवला आणि सावकाश गोल केला.

११ मार्च, सोमवार
काल मैदानात आपटलेला गुडघा भोपळ्याएवढा. मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुलना तुमचीच होती, काल मी ती करून पाहिली. वाढ नाही. शिवाय पार्सल आधी देऊन सही नंतर घ्यायची सवय कधीपासून, असंही विचारलं.
संध्याकाळी टीव्हीवर तोच गोलकीपर. कोपऱ्यात चाललेल्या बॉलवर झेपावला, दाणकन आपटला, उठला. बॉल हातातच. माझ्या तोंडून आई गं निघालं. पुन्हा टपकलेल्या मेहुण्याने विचारलं, काय, ह्याचा पगार जास्त आहे का? मी गुडघ्यावर बर्फ ठेवण्यात गुंतलो होतो. मुलीने सायकलचा विषय काढला नाही. तेच फार लागलं.

१२ मार्च
लंगडत ग्लोव्हज परत करायला गेलो. वापरलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी होती. दुकानदाराने ग्लोव्हज उलटसुलट करून पाहिले आणि मुकाट्याने पैसे परत दिले.
त्यातून मुलीसाठी सायकलची घंटी आणली. बाकीची सायकल पुढच्या वाढीत.