जुन्या नळाचं घर्षण

मिस्त्री,

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कुंडलला आपण उसासाठी पाण्याची लाइन टाकली, तिच्याबद्दल बोलायचं राहिलंय. ओढ्याकाठच्या इंजिनापासून माळावरच्या हौदापर्यंत लांबी अकराशे फूट, चढ साठ फूट. चढ तुम्ही मोजला होता आणि तो इंचभरही चुकला नव्हता. घर्षणाचं गणित माझं. चौथी शिकलेला मी, पण इंग्रजी कोष्टकं स्वतःच्या हिमतीवर वाचत होतो. शंभर फूट नळामागे पंपाच्या जोरातले दोन फूट घर्षणात जाणार, म्हणजे बावीस, चढ धरून एकूण ब्याऐंशी. पंप पंच्याऐंशी फूट पाणी चढवणारा. तीन फूट शिल्लक!

नवे नळ मिळत नव्हते, सांगलीहून जुने तीन इंची आणलेले. तुम्ही एका नळात दोन बोटं फिरवलीत आणि गंजाची खपली माझ्या वहीवर ठेवलीत. "ह्ये तुज्या बुकात हाय का रं, इंजिनेर?" गडी हसले. मला ते झोंबलं. कोष्टक नव्या, गुळगुळीत नळाचं आहे, असं वरच छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण गड्यांसमोर माघार घ्यायची? "मिस्त्री, गणिताला बोटं लागत नाहीत," म्हणालो. तुम्ही पाना उचललात.

हौदावर मालक उभे आहेत. ऊस लावून नऊ दिवस झालेत, सऱ्या भेगाळल्यात. इंजिन धडधडतंय आणि नळातून पाणी येतंय ते करंगळीएवढं. "कुणाचं काम ह्ये?" मालक ओरडतात. वही माझ्या काखेत. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "आवं मालक, चढ म्या मोजला. चुकलं माझ्या हातनं." "डोळं गेलं तुजं, म्हाताऱ्या!" मी वही सदऱ्याखाली सारतो.

हौद बारा फूट खाली घेतला, ऊस कसाबसा जगला. पण त्या पट्ट्यात चढ मोजायला तुम्हाला परत कुणी बोलावलं नाही. कडेगावचं पुढचं काम मला मिळालं. तिथं मी प्रत्येक नळात बोटं घालून पाहिली, घर्षण चौपट धरलं. नळाचं तोंड भरून पाणी आलं. तुम्ही होता तोवर विचारायला हवं होतं, का केलंत म्हणून. धीर झाला नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही. हाताखालच्या पोरांना मी कुंडलची गोष्ट सांगतो, गंजासकट, आकड्यांसकट. परवा एकानं विचारलं, "मग ते गणित चुकवलं कुणी?"

म्हटलं, "होता एक जुना मिस्त्री."