आतला कोपरा

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रिद्धी हिला पप्पाचा आशीर्वाद.

इकडे आम्ही मजेत. तुझ्या आईचे गुडघे मजेत नाहीत, पण ते आमच्या लग्नापासून कधी होते? समोरच्या टॉवरला आणखी मजले चढले, आता आपल्या ओट्यावर ऊन थेट दुपारी येतं. त्या टॉवरच्या जागेत माझ्या बाने भात लावलेला, हे मी तिथल्या वॉचमनला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "अंकल, गाडी उधर लगाओ." लावली. राजसीला दाढा आल्या का? रविवारी कल्पेशच्या साखरपुड्यात तिने माझा कान असा धरून पिळला की म्हटलं, ही पोर पाना धरणार.

गाडी बंद ठेवली आहेस ना? आई विचारते.

पत्र बघून हसशील. पप्पाला कॉम्प्युटरवरचं कॅड येतं, व्हॉट्सअॅप येतं, आणि पत्र लिहितो! पण फोनवर तू मला नेहमी स्पीकरवर ठेवतेस. हातात पोर असते, मान्य. मात्र मागे टीव्ही कमी होतो तेही मला ऐकू येतं. मला हे एकाच माणसाला सांगायचं आहे. म्हणून कल्पेशच्या हाती पाठवतोय, आणि त्याला बजावलंय, "ताईच्या हातात दे. दाजींनी चहा पाजला तरी दाजींच्या हातात नाही."

शेडचं म्हणशील तर काम बरं आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन वाढलेत. कंपनीने ज्यांचे पार्ट कधीच बंद केले अशा गाड्या घेऊन येतात आणि म्हणतात, अनंताशेठ, तुम्हीच काहीतरी करा. पूर्वी मी पुठ्ठ्याचा फर्मा कापायचो, प्लेटवर खडूने आखायचो, आणि मग दिवसभर कानस. आता आकृती काढतो, फाईल लेझर कटिंगवाल्याला पाठवतो, संध्याकाळी पार्ट तयार. ही विद्या तू दिलीस. तुझ्या डिप्लोमाच्या सुट्टीत तू मला शेडमधल्या त्या खुर्चीवर, लॅपटॉपसमोर बसवलंस आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "पप्पा, माऊसला कानस समजू नका. घासू नका, नुसतं टेकवा." मी श्वास रोखून रेघ ओढायचो. आई दारातून बघून म्हणायची, "काय, बापाला शालेत घातलास का गो?" तू म्हणायचीस, "पहिलीत आहेत, पण हुशार आहेत."

एक गोष्ट तू सारखी सांगायचीस. "पप्पा, मशीनला अंदाज नसतो. तुम्ही सांगाल तेवढंच ते करणार."

ते वाक्य मला किती महाग पडलं ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो. इंजिन ज्यावर बसतं तो ब्रॅकेट हा मी स्वतः काढलेला पहिला पार्ट. तुझ्याच लॅपटॉपवर, तुझ्या लग्नाच्या गडबडीत, पत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून. त्याला आतून एक कोपरा आहे. हाताने बनवायचो तेव्हा तो कोपरा मी अर्धगोल कानस मारून गोल करायचो. का करतो हे मला कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. हात करायचा. आकृती काढताना हात माऊसवर होता, त्यामुळे तो गोल काढायचाच राहिला. मशीनने कोपरा कापला तसा, सुरीसारखा. मी बघितला आणि म्हटलं, काय सफाई आहे!

तुझं लग्न झालं, लॅपटॉप तुझ्याबरोबर बदलापूरला शिरगावात गेला. मी पेनड्राइव्हवर माझी प्रत ठेवली होती. तो पहिला ब्रॅकेट मी विकण्याआधी पारखायला आपल्याच जीपला लावला होता आणि पावसाळ्यानंतर तो फुटला. आतल्या कोपऱ्यातूनच. इंजिन एका अंगाला कललं, अॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली, आणि गाडी माझ्या पायाशिवाय पळायला लागली. मी चावी बंद केली आणि टॉवरवाल्याच्या वाळूच्या ढिगात घुसलो. वॉचमन तेव्हा मात्र "अंकल, उधर लगाओ" म्हणाला नाही.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. हसत हसत सांगितलं, "तुझा विद्यार्थी नापास झाला गं, कोपरा फुटला." आठवतं? तू गप्प झालीस. बराच वेळ. माझे कान तुला माहीत आहेत. इंजिन चालू करून मी सांगतो कुठला व्हॉल्व्ह रडतोय. तुझा श्वास अडकला तो मला ऐकू आला. मला वाटलं, बापाच्या काळजीने. मग तू म्हणालीस, "पप्पा, आतल्या कोपऱ्याला फिलेट द्या, गोलाई द्या. आताच्या आता बदला. जुनी फाईल ठेवूच नका." मी तिथल्या तिथे बदलली, जुनी पुसली. आणि आईला म्हटलं, बघ, लेक सासरी बसून बापाचा जीव सांभाळते.

चहा आलाय. पिऊन लिहितो.

हां. तर रविवारचं. साखरपुडा आटोपला, डीजे बंद झाला, तुम्ही निघालात. अल्पेशराव तुझ्या सासऱ्यांना घेऊन दुसऱ्या गाडीने पुढे गेले आणि त्यांची ती आपल्यासारखीच जुनी जीप तू चालवत होतीस, मागे राजसी. मी फाटकाशी उभा. तू रिव्हर्स घेतलास, पहिला गिअर टाकलास, आणि मला आवाज आला. टिक्. बारीक. उकळत्या डाळीत खडा लागावा एवढाच. मला वाटलं, माउंटिंगचा बोल्ट सैल असेल, उद्या सांगू. तू हात हलवलास, मीही हलवला.

काल, सोमवारी, कॅम्प दोनच्या बाजारात गेलो होतो, हरेशभाईंच्या स्पेअरच्या दुकानात. ज्यांच्या वडिलांच्या गॅरेजात मी चड्डीत पार्ट धुवायचो तेच. मला बघून म्हणाले, "आओ साईं! दुकान जमाई को दे दिया क्या? बोला भी नहीं, मिठाई भी नहीं?"

मी म्हटलं, "कसली मिठाई?"

त्यांनी काउंटरखालून खोका काढला. "ये देखो. तेराच माल है ना? शिरगाव से आता है अभी. आधा भाव. मेरेको तो अच्छा है, लेकिन तेरा क्या फायदा?"

खोक्यात माझा ब्रॅकेट होता. रंग वेगळा, वरचं नाव वेगळं. पण त्याच्या बाहेर आलेल्या कानाला एक बारीक भोक होतं. रिद्धी, त्या भोकाचं गाडीत काहीच काम नाही. मी रंग मारताना पार्ट तारेला टांगतो, म्हणून ते भोक पाडतो. मुंबईपासून कर्जतपर्यंत दुसरं कोणी पाडत नाही. तुमच्याकडे रंग भट्टीवाल्याकडून होतो, त्यांचे हुक वेगळे. तरी भोक आहे. कारण ते फाईलमध्ये आहे.

मग मी बोट आत घातलं. कोपरा बोटाला लागला. धारदार.

पेनड्राइव्हवरची माझी प्रत तुझ्या सांगण्यावरून मी पुसली होती. तो कोपरा तसाच असलेली फाईल या जगात एकाच ठिकाणी उरली होती. कुठे, ते मी लिहीत नाही. तुला माहीत आहे.

काल आईने तुला फोन केला ना, की गुरवाने कौल लावलाय, लेकीने आणि नातीने आठवडाभर त्या गाडीत पाऊल ठेवायचं नाही? कौल कोणी लावला नाही. गुरव मीच. तुझी आई मला म्हणाली, "देवाच्या नावानं खोटा बोलायला लावता मना, या वयात!" पण बोलली. खरं सांगितलं असतं तर तू स्पीकरवर काय केलं असतंस मला माहीत नव्हतं. देवाचं तू ऐकतेस. म्हणून मी देवाच्या मागे लपलो.

आता सरळ लिहितो. त्या गाडीत तोच ब्रॅकेट आहे. टिक् म्हणजे चीर सुरू झाली. ती गाडी जागची हलवायची नाही. कल्पेशबरोबर माझा ब्रॅकेट पाठवलाय, कोपरा गोल असलेला. कल्पेशच बसवेल, त्याला शिकवलंय.

रात्रभर मी एकच हिशोब लावत बसलो. फाईल अल्पेशला तू दिलीस. ठीक. नवरा आहे, नवीन धंदा आहे, सासरी मान हवा असतो. मागितली असतीस तर मी दिली असती का? तुला सांगतो, तुला दिली असती, त्याला नसती. आणि हे तू ओळखून होतीस, म्हणून विचारलंच नाहीस. एवढ्यावर मी दोन दिवस चिडलो असतो, आईशी भांडलो असतो, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे चिकन घेऊन आलो असतो. चोरी घरातल्या घरात झाली तर तिला आपण चोरी म्हणत नाही.

पण तो फोन, रिद्धी. मी तुला सांगितलं की फुटतो. तू गप्प झालीस ती माझ्यासाठी नाही, हे मला आता कळलं. तेव्हा माल कापून झाला होता. मला म्हणालीस, आताच्या आता बदला. मला सांगितलंस! माझ्या एका जीपसाठी. आणि दुकानात जे जाणार होते, लोकांच्या गाड्यांत जे बसणार होते, त्यांचं काय केलंस? अल्पेशला सांगितलंस आणि तो म्हणाला चालतंय, की सांगितलंच नाहीस? दोन्हीतलं कोणतं ते मला कळवू नकोस. दोन्हीपैकी कोणतंही ऐकायला माझे कान तयार नाहीत.

एवढं मात्र मला ठाऊक आहे, की तुझ्या स्वतःच्या गाडीत तो बसलाय हे तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर राजसीला मागे बसवून तू फाटकातून हात हलवला नसतास. म्हणजे तू मला सांगितलं नाहीस, आणि त्याने तुला सांगितलं नाही.

हरेशभाईंना मी काय सांगितलं तेही ऐक, कारण कॅम्पातून तुझ्या कानावर येईलच. मी म्हटलं, "सगळे खोके बाजूला काढा, एकही विकायचा नाही. लॉट खराब आहे." ते म्हणाले, "किसका लॉट?" मी म्हटलं, "माझा. फाईल माझी, जमाईने फक्त कापून आणलं." हरेशभाईंनी खोका स्वतःकडे ओढला. "साईं, तेरा माल? और खराब?" दुकानात आणखी दोन गॅरेजवाले उभे होते. त्यांतला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "कम्प्युटर पे बैठ गया ना, हात गया बुढ्ढे का." त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही.

एवढ्या वर्षांत कॅम्पात मला कोणी हे म्हटलं नव्हतं. मी खोका उचलला आणि बाहेर आलो.

खोटं सांगितलं का? फार नाही. आकृती माझीच आहे, चूकही पहिली माझीच. लोक लेकीचं नाव घेण्यापेक्षा बापाच्या हाताचं घेतलेलं बरं. पण यापुढचं मी करू शकत नाही. हरेशभाईंच्या काउंटरवरून गेलेले मी शोधेन. तुम्ही मोबाईलवरून ज्यांना विकले, ते तुम्हालाच माहीत. त्यातल्या प्रत्येकाला तू फोन करायचा. अल्पेशने नाही, तू. गाडी उभी करा म्हणायचं. नवीन ब्रॅकेट मी देईन, बसवून देईन, कोणाकडून काही घेणार नाही. हे तू केलं नाहीस तर मी स्वतः शिरगावात येईन, आणि तेव्हा मी चिकन घेऊन येणार नाही.

सोबतचा ब्रॅकेट हातात घेशील तेव्हा उलटा करून बघ. खालच्या बाजूला लेझरने "रि" कोरलंय. नवीन फाईल केली तेव्हापासून प्रत्येक पार्टवर टाकतो. तुला सांगणार होतो, शेडची पाटी बदलीन त्या दिवशी. पाटीवरही तेच येणार होतं. रंगाऱ्याला सांगून ठेवलं होतं, त्याला आता थांबवलंय.

उद्यापासून बदलीचे ब्रॅकेट कापायला टाकायचेत. काल मी फाईल उघडून बसलो. त्या "रि"वर माऊस नेला. नुसतं टेकवायचं, तू शिकवल्यासारखं, की जाईल. गेलं नाही माझ्याने. तसंच ठेवून फाईल पाठवावी, तर तेही होईना. तेव्हा आज लेझरवाल्याला म्हटलं, एक दिवस थांब. तू ये. एकटी. खुर्ची तीच आहे. सगळे फोन करून झाले असतील तर ते अक्षर राहू दे म्हण. झाले नसतील तर तुझ्या हाताने पूस.

आई आत्ता मागून वाचून गेली. म्हणते, "ते गुरवाचा खोटा माझ्या माथी नको हां, लिवा तिला." लिहिलं. तेही माझ्यातच धर.

राजसीला पापा.

ज्याच्या नावावर तुझा लॉट आहे तो,
तुझा पप्पा