मेथीवरचा दगड

जून, मंगळवार, जेवण झाल्यावर

दवाखान्यातली ड्युटी संपवून घरी आले तर मेथीचा वाफा रिकामा. इतका राग आला. परक्या देशातल्या या बेटावर वाऱ्यापुढे काही टिकत नाही, म्हणून भिंतीच्या आडोशाला समुद्राच्या शेवाळाचं खत घालून पाच आठवडे जपली होती. तेवढ्यात शेजारचे युअन आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, "तुझ्या केलच्या भाजीशेजारी क्लोव्हर माजलं होतं. सगळं उपटलं. मेंढ्यांना नेतो आता."

क्लोव्हरच्या गवताची पानं तीन-तीन, मेथीचीही तशीच; त्यांना गवतच वाटणार. "राहू द्या, मी घेते," एवढंच म्हणाले.

ढीग मुळांसकट होता, आणि उडू नये म्हणून वर दगड. इथे सगळ्यावरच दगड ठेवतात. आपल्याकडे मंडईत तरी मेथी अशीच मिळते ना, मुळांसकट? मीच उपटायला धजत नव्हते, रोज नुसती बघत बसायचे. आणखी आठवड्यात फुलावर येऊन कडू झाली असती.

लसूण घालून परतली. इथे आल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा घराला घराचा वास आला.

आजोबांना खरं सांगावं का? दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून उपटली त्यांनी. नकोच. डबाभर भाजी त्यांच्या दारात ठेवून आले. झाकणावर तोच दगड.